स्टिअरिंगमागचा माणूस कोणाचा?

1911 साली मुंबईच्या रस्त्यांवर मोटार टॅक्सी धावू लागल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका टॅक्सीचालकाचा दावा निकाली निघाला. काम करताना जखमी झालेला हा चालक 1906 च्या ब्रिटिश कामगार भरपाई कायद्याखाली कंपनीकडे भरपाई मागत होता. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: हा आमचा नोकर नाही. आम्ही त्याला पगार देत नाही. तो गॅरेजमधून गाडी नेतो, मनाला येईल तिथे फिरवतो आणि जमलेल्या भाड्यातला ठरलेला हिस्सा आमच्याकडे भरतो. लॉर्डांना हे पटलं. चालक हा नोकर नसून गाडी भाड्याने घेणारा इसम आहे, असं ठरलं आणि त्याची भरपाई बुडाली.

गंमत अशी की, याच लंडनमध्ये टॅक्सीखाली सापडलेल्या पादचाऱ्याने दावा लावला, तर घोडागाड्यांच्या काळापासूनचे निवाडे चालकाला मालकाचा नोकरच धरत. दुसऱ्याला लागलं तर मालकाचा माणूस, स्वतःला लागलं तर परका. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जखमी चालकाच्या वाट्याला काय आलं, ते या दुटप्पी हिशेबात आधीच लिहिलेलं होतं.

मुंबईतही टॅक्सीचा धंदा असाच बसला. परमिट एकाचं, गाडी चालवणारे दुसरे, बहुधा दोन पाळ्यांत दोघे. पेट्रोल चालकाचं; पाळी संपली की शेठच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवायची, वर उरेल ते आपलं. पगारपत्रक नाही, हजेरीबुक नाही, नेमणुकीचं पत्र तर नाहीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनीने या शहरात काळ्या-पिवळ्या रंगात काही दशकं राज्य केलं आणि 2003 मध्ये नोंदवलेली शेवटची गाडी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या सगळ्या काळात तिच्या चालकाचं आणि मालकाचं नातं मात्र तोंडीच राहिलं.

कायद्याने हात पुढे केला तो 1923 मध्ये. कामगार भरपाई कायदा त्या वर्षी झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. तो प्रामुख्याने कारखाने, खाणी, रेल्वे यांच्यासाठी; केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत होते तो हा काळ. या कायद्याची खरी कमाल एका गोष्टीत होती. चूक कोणाची, हे तो विचारत नव्हता. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढं सिद्ध झालं की मालकाने पैसे द्यायचे. दारूच्या अंमलाखाली असणं वगैरे मोजके अपवाद होते, तेही पुढे मृत्यू झाला असेल तर लागू राहिले नाहीत. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांवर काम करणारेही त्याच्या यादीत आले. 1995 च्या दुरुस्तीने तर मोटार वाहनावर चालक, मदतनीस, मेकॅनिक, क्लीनर म्हणून नेमलेल्यांचा स्पष्ट उल्लेखच केला.

पण मेख ‘नेमलेल्या’ या अटीत होती. शेठ म्हणाला, ‘मी याला नेमलं नाही, तो माझी गाडी भाड्याने नेतो,’ तर पुरावा आणायचा कुठून? जबाब, शेजारच्या चालकाची साक्ष, स्टँडवरची माहिती, एवढ्यावर दावा उभा करावा लागे.

दुसरी वाट 1939 च्या मोटार वाहन कायद्याने उघडली. त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद 1946 मध्ये अमलात आली, आणि 1956 च्या दुरुस्तीने दिवाणी न्यायालयाऐवजी अपघात दावा न्यायाधिकरणं आली. विमा सक्तीचा झाला तो ‘थर्ड पार्टी’साठी, म्हणजे गाडीमुळे ज्याचं नुकसान होईल त्या तिसऱ्या माणसासाठी. पगारी चालकापुरती त्यात जागा ठेवली होती, पण कामगार भरपाई कायद्याने जेवढी रक्कम बसेल तेवढीच. त्याहून जास्त संरक्षण हवं तर मालकाने वेगळा हप्ता भरायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हीच मर्यादा पुन्हा अधोरेखित केली. जखमी पगारी चालकाला कामगार भरपाईचा मार्ग किंवा न्यायाधिकरणाचा मार्ग यांतला एक निवडावा लागतो, दोन्ही नाही. आजच्या कायद्यात ते कलम 167 आहे.

निवड दिसते तितकी सोपी नाही. समोरच्या ट्रकने ठोकलं असेल, तर त्या ट्रकच्या विम्यापुढे टॅक्सीचालक चक्क तिसरा माणूस ठरतो आणि पुरी भरपाई मागू शकतो. तो नोकर की मालक हा प्रश्नच उद्भवत नाही. पण स्वतःच्या डुलकीने गाडी दुभाजकावर गेली असेल, तर न्यायाधिकरणात तोंड उघडायला जागा उरत नाही. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही, असा कडक पवित्रा घेतला होता. त्यावर उतारा म्हणून 1982 मध्ये चुकीचा विचार न करता मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये देणारं कलम आलं. 1994 मध्ये वय आणि उत्पन्नावर आधारलेलं कोष्टकच कायद्यात बसवलं गेलं. मग 2007 मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या चुकीने दगावलेल्या नोकर-चालकाच्या वारसांना चुकीवर आधारलेला दावा करता येणार नाही, त्यांनी कामगार भरपाई कायद्याकडे जावं. अर्थात, नोकर असल्याचं दाखवता आलं तर.

न्यायालयांनी नेहमी हात आखडताच घेतला असं मात्र नाही. 1995 मध्ये नागालँडमधल्या दिमापूरच्या स्टँडवरून काही अनोळखी प्रवाशांनी एक रिक्षा ठरवली. दुसऱ्या दिवशी चालकाचा मृतदेह सापडला. रिक्षा पळवण्यासाठी त्याला मारलं होतं. विमा कंपनी म्हणाली, हा खून आहे, अपघात नव्हे. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने उलट विचार केला: मारेकऱ्यांचा हेतू गाडी चोरण्याचा होता, खून त्या ओघात झाला, तेव्हा चालकाच्या बाजूने पाहता तो वाहनाच्या वापरातून घडलेला अपघातच. वारसांना भरपाई मिळाली. रात्री अनोळखी भाडं घेऊन शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक चालकासाठी हा निकाल मोलाचा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

तितकाच मोलाचा विचार अपंगत्व मोजण्याबाबत झाला. डॉक्टरच्या दाखल्यावर चाळीस टक्के लिहिलं की विमा कंपनी चाळीस टक्केच धरून बसते. 2008 मध्ये एक पाय गमावलेल्या टँकरचालकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने त्याचं नुकसान 65 टक्क्यांवर आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के पुन्हा कायम केलं, कारण एका पायावर टँकर चालत नाही. 2011 च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने कारकून आणि चालक यांचं उदाहरण घेतलं: डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, चालकाचं मात्र जवळजवळ सारं उत्पन्न जातं. शरीराची टक्केवारी वेगळी, कमाईची वेगळी. हा दाखला हाती असूनही अर्ध्या रकमेवर तडजोड करणारे चालक आहेत, हे खेदाचं.

या साऱ्या वाटांबाहेर राहिला तो स्वतःच्या मालकीची गाडी चालवणारा. त्याला मालक नाही, म्हणून कामगार भरपाई नाही. गाडीचा विमा तिसऱ्या माणसाचा, म्हणून त्यातूनही नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलं. 2009 मध्ये उसनी मोटारसायकल चालवताना दगावलेल्या माणसालाही न्यायालयाने मालकाच्या जागी बसवलं आणि वारसांचा दावा अडचणीत आला. अशा चालकाला आधार एकच, वैयक्तिक अपघात विमा. त्याची सक्तीची रक्कम कित्येक वर्षं मोटारीसाठी 2 लाख आणि दुचाकीसाठी 1 लाख होती. मद्रास उच्च न्यायालयाने टोचल्यावर विमा नियामकाने 2018 मध्ये ती 15 लाखांवर नेली.

मग ॲप आलं. त्याआधी 2007 पासून मेरूसारख्या रेडिओ टॅक्सींनी चालकाकडून रोजचं ठरावीक भाडं घेण्याची पद्धत गणवेशात बसवली होती. 2010 मध्ये ओला मुंबईतच सुरू झाली, पाठोपाठ 2013-14 मध्ये उबर आली. कंपन्यांनी चालकाला ‘पार्टनर’ म्हटलं. कर्ज काढून गाडी घेण्याची जणू लाट आली. कालपर्यंत शेठची गाडी चालवणारा आज स्वतः मालक झाला, याचा आनंद खरा होता. पण कायद्याच्या पुस्तकात त्याची जागा बदलली: बाजू मांडायला निदान एक शेठ होता, तोही गेला. भाडं ठरवणार ॲप, तक्रार आली की आयडी बंद करणार ॲप, आणि हाड मोडलं की ॲप केवळ मध्यस्थ.

लंडनचा जुना दुटप्पीपणा इथेही डोकावतो. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एका प्रवासी महिलेच्या तक्रारीपुरतं ॲप-चालकाला कंपनीचा कर्मचारी मानलं. त्या निकालाला खंडपीठाने लगेच स्थगिती दिली. खुद्द ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरचे चालक स्वतंत्र धंदेवाले नसून कामगार आहेत असं ठरवलं, पण तो वाद किमान वेतनाचा आणि भरपगारी रजेचा होता. कॅलिफोर्नियात 2013 च्या शेवटच्या रात्री भाड्याच्या प्रतीक्षेत असलेल्या गाडीखाली एक लहान मुलगी गेली. ॲप चालू पण प्रवासी नाही, या वेळेची जबाबदारी कोणाची, यावरून गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे विम्याचा कायदा आला. तिथल्या चालकांना स्वतःसाठी किमान 10 लाख डॉलरचा अपघात विमा मिळाला तो 2020 च्या जनमतातून, पण सोबत ‘तुम्ही कर्मचारी नाही’ हा शिक्का घेऊन.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ॲप कंपन्यांना प्रथमच स्थान मिळालं, तेही ‘डिजिटल मध्यस्थ’ म्हणून. 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रत्येक चालकाचा 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा उतरवायला सांगितलं. 2025 च्या नव्या सूचनांतही ते आकडे तसेच आहेत. कागदावर हे चांगलंच आहे. पण मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला, रीतसर परवान्याविना धावणाऱ्या ॲप कंपन्यांनी 16 मार्चपर्यंत अर्ज करावेत असं बजावावं लागलं, यावरून अंमलबजावणीचा वेग कळतो.

खरं तर मालक नसलेल्या कामगाराचं कोडं महाराष्ट्राने फार पूर्वी सोडवलं होतं. माथाडी कामगारालाही एक असा मालक नसतो. आज या गाळ्यावर ओझं, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 मध्ये माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरीसोबत ठरलेली लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराचे लाभ सांभाळायचे. मालक कोण, या वादात न पडता कामावरच पट्टी बसवण्याची ही युक्ती. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी केलेले कायदे याच वळणाचे आहेत. ज्या राज्यात ही वाट मळली, तेच या बाबतीत मागे राहिलं, हे म्हणायला हवं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विलीन झाला. तिच्या सातव्या अनुसूचीत पहिलाच धंदा प्रवासी-वाहतुकीच्या ॲपचा आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची, त्यातून अपघात विम्यासारख्या योजना करायच्या. पण नोकराच्या भरपाईचं प्रकरण वेगळं आणि प्लॅटफॉर्म कामगाराचं, म्हणजे ॲपवरच्या कामगाराचं, वेगळं ठेवलं आहे. पहिल्याला मालकाकडून वसूल करता येणारा हक्क आहे. दुसऱ्याला सरकार आखेल ती योजना. माझ्या मते हे अर्धंच पाऊल आहे.

तोवर गाडी धंद्यावर काढणाऱ्याने काही गोष्टी गाठीला बांधाव्यात. विम्याच्या कागदावर वैयक्तिक अपघाताचं कलम आहे का, ते आजच पाहावं. अपघात झाल्यावर कोणत्या वेळी कोणती फेरी चालू होती त्याचा स्क्रीनशॉट, एफआयआर, पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रं जपावीत. मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे, ती मागून घ्यावी. अनोळखी गाडी ठोकून पळाली तरी गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. न्यायाधिकरणात दावा करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं, तरी त्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नये.