थाई मतखरेदी : शब्द आणि व्यवहार

थाई भाषेत मतखरेदीस ‘सूए सिआंग’ म्हणतात. ‘सिआंग’ म्हणजे आवाज, आणि मतही. मराठी ‘मत’ शब्दातील विचाराचा अर्थ त्यात नाही. १९८१ साली रोई एत प्रांतातील पोटनिवडणुकीत माजी पंतप्रधान क्रिआंगसाक यांच्यासाठी एवढा पैसा वाटला गेला, की ‘रोई एतचा रोग’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. मतदानाची पूर्वरात्र ‘कुत्री विव्हळण्याची रात्र’ ठरली. कारण ‘हुआ खनॅन’, म्हणजे उमेदवारांचे मध्यस्थ, तेव्हा दारोदार हिंडत. यावरून अनेक परकीय निरीक्षकांनी खेडुतास विक्रेता ठरविले. हे घाईचे होय. मध्यस्थ बहुधा गावचाच, ओळखीचा असे. त्यास नकार देणे अवघड. कॅथरीन बोवी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषींच्या उत्तर थायलंडमधील निवडणुकीवरील २००८ च्या निबंधाच्या शीर्षकातच मतखरेदीशेजारी ग्रामस्थांचा संताप आहे.