ऐपत नाही म्हणून कैद

1873 पासून 1876 पर्यंत पुणे जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातले सावकार एका नावाला घाबरून होते. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले हा महादेव कोळी आपल्या टोळीसह सावकारांची घरं गाठत असे. कित्येकांची नाकं कापली गेली आणि अनेकांनी गाव सोडला. अखेर 1876 मध्ये मेजर डॅनियल यांच्या पोलिसांनी त्याला पकडलं. कुणी त्याला दरोडेखोर ठरवतं, कुणी बंडकरी. पण या वादात सावकाराच्या हातातल्या हुकूमनाम्याकडे दुर्लक्ष होतं. तो हुकूमनामा सरकारी कोर्टाचा होता, आणि पैसे न दिल्यास माणसाला पकडून नेण्याची ताकद त्याच्यामागे होती. या भागाच्या इतिहासातला कळीचा मुद्दा मला तिथे दिसतो. देणेकऱ्याची ऐपत नाही की दानत नाही, हे न विचारताच कायदा त्याच्या अंगाला हात घालत होता.

हा व्यवहार कसा चाले ते पाहण्यासारखं आहे. रोखा लिहायचा सावकाराच्या माणसाने आणि त्याखाली नांगराची निशाणी करायची कुणब्याने, ज्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नसे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या रोख्यावर दावा करायला तीनच वर्षं ठेवली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, पण घडलं उलटंच. मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि नकार दिला तर दावा. समन्स आलं तरी डोंगरातला माणूस कोर्टापर्यंत जात नसे, म्हणून निकाल एकतर्फी लागे. मग स्टँप, समन्सचा खर्च आणि वकिलाची फी हे सगळं हुकूमनाम्यात चढे. म्हणजे ज्या कोर्टात त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, त्या कोर्टाचा खर्चही त्यानेच द्यायचा. दिवाणी तुरुंगात ऋणकोला ठेवायचं तर त्याच्या जेवणाचा भत्ता सावकाराला भरावा लागे, त्यामुळे प्रत्यक्ष कैदेपेक्षा वॉरंटचा धाकच जास्त कामी येई. बेलीफ दारात उभा राहिला की माणूस पुढच्या रोख्यावर निशाणी करायला तयार होई.

12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा सावकारांकडचे रोखे जाळण्यावर होता. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्यातून पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. प्रतिवादीला समोर बोलावून विचारा, रोख्याच्या आधीचा सगळा हिशेब उकला, हप्ते बांधून द्या, असं त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं. आणि एकविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं, की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही शेतकऱ्याला अटक किंवा कैद करता येणार नाही. शंभर वर्षांनी, 1980 मध्ये, जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या एकविसाव्या कलमाच्या आधारे जवळपास तेच सांगितलं: नुसत्या गरिबीपायी कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, देण्याची ताकद असून टाळाटाळ केली हे दिसलं पाहिजे.

1879 च्या कायद्यावर त्या काळीच आक्षेप घेतला गेला, आणि तो पोकळ नव्हता. कैदेची भीती गेली तर कर्ज देणार कोण? सावकारांनी हात आखडला, गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली, आणि त्यात पुष्कळांच्या जमिनी गेल्या. हे खरं आहे. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की गरजू माणसाला कर्जाची दुसरी सोय हवी होती. गरिबाला कोंडणं योग्य होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दिवाणीत मिटलेला हा प्रश्न फौजदारीत मात्र शिल्लक आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली कोर्ट गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. पाचव्या कलमाखाली त्याच्याकडून नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्चही मागू शकतं, आणि त्याची वसुली दंडासारखी होते. नववं कलम याहून कडक आहे. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट पन्नास रुपयांपर्यंत दंड लावून प्रकरण मिटवू शकतं, पण तो ठरलेल्या मुदतीत भरला नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. दंड न भरणाऱ्याची ऐपत तपासा, असं त्या कलमात कुठेही नाही.

यावर कुणी म्हणेल, पन्नास रुपये आज कुणाकडे नसतात? पण 1958 मध्ये ती शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी होती, आणि भरपाई व खर्चाच्या रकमेला तर अशी कमाल मर्यादाही नाही. शिवाय भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून घोडेगावच्या कोर्टात येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सावकाराचं देणं वेगळं, गुन्ह्याची शिक्षा वेगळी, गुन्हेगाराला ऋणकोची सवलत कशी द्यायची? याचं उत्तर परिवीक्षेतच आहे. वय, स्वभाव आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहून या माणसाला तुरुंगाची गरज नाही, असं कोर्टाने आधीच ठरवलेलं असतं. दंड लावतानाही अट मोडल्याबद्दल तुरुंग नको, हे त्याच कोर्टाने पुन्हा ठरवलेलं असतं. त्यानंतर नवीन घडतं ते एवढंच, की पैसे आले नाहीत. मग तुरुंग पैशासाठीच झाला. जॉर्जियातल्या बेअर्डन खटल्यात 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं आणि दंड थकला म्हणून परिवीक्षा रद्द करण्याआधी ऐपतीची चौकशी सक्तीची केली. आणि पीडिताच्या भरपाईचं काय? ती मिळालीच पाहिजे, पण कोठडीतला मजूर एक पैसाही कमावत नाही. हप्ते बांधून दिले तर निदान काही हाती येईल.

2023 मध्ये केंद्र सरकारने दंड किंवा जामिनाची रक्कम भरता न आल्याने अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली. ती चांगली आहे, पण माणूस आत गेल्यानंतरची आहे. नवव्या कलमाखाली शिक्षा देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, सक्तीचं नाही. त्यामुळे कायदा बदलण्याची वाट न पाहता जुन्नर आणि घोडेगावच्या कोर्टांना आजही परिवीक्षा अधिकाऱ्याकडून त्या माणसाच्या कमाईचा अहवाल मागवता येईल आणि हप्ते ठरवता येतील. संसदेने मात्र पैशासाठी कैद नको हे 1879 मधलं एक वाक्य 1958 च्या कायद्यात लिहावं.