समाजमाध्यमांवरील खाते सुरक्षित कसे ठेवावे?

व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम आता आपल्या घराघरांत पोचले आहे. जत्रेची तारीख, भजनी सप्ताहाची पाळी, लग्नाचे आमंत्रण सारे तिथेच कळते. म्हणूनच तिथला फसवा संदेशही आपल्याला घरचाच वाटतो. सभासदांच्या सोयीसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

फिशिंग म्हणजे काय?
खरा भासणारा संदेश पाठवून आपल्याच हातून पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेणे म्हणजे फिशिंग. डिसेंबर २०२० मध्ये अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचे इन्स्टाग्राम खाते हॅक झाले. खात्याच्या पडताळणीसाठी काही गोष्टी करायला सांगणारा संदेश आधी आला आणि मग खाते गेले, असे त्यांनी स्वतः जाहीर केले. त्यांनी पोलिसांत तक्रारही केली.

नेहमीच्या युक्त्या
- "चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आला, तो पाठवा." हा कोड तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली असते.
- नातेवाइकाचा फोटो लावून तातडीने पैसे मागणे.
- लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवणे.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगणे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

काय करावे?
१. प्रत्येक खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे.
२. बँक, ईमेल आणि फेसबुक यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत.
३. व्हॉट्सअ‍ॅपमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' अधूनमधून तपासावे. अनोळखी उपकरण दिसल्यास लगेच लॉग आउट करावे.
४. पैसे मागणाऱ्याला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून, आवाज ऐकून खात्री करावी.

फसवणूक झाल्यास
पैसे गेले असल्यास आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटामिनिटाला मोल आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा फोंडा पोलीस ठाण्यात नोंदवता येते. स्क्रीनशॉट पुसू नयेत. खाते हॅक झाल्याचे ओळखीच्यांना लगेच सांगावे, म्हणजे आपल्या नावावर दुसरा कोणी फसणार नाही.

बँकेत अनेक खातेदारांचा समज असायचा की गेलेली रक्कम बँक भरून देईलच. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतरचे नुकसान मात्र बँकेचे. म्हणून "लोक काय म्हणतील" या संकोचाने गप्प बसू नये.

घरातील ज्येष्ठांना ही माहिती तरुणांनी वाचून दाखवावी आणि त्यांच्या फोनमधील सेटिंग त्यांच्यासमोरच करून द्यावी, ही आमची विनंती.