संसारातून परतलेला कुंचला

चित्रकलेचा नाद लहानपणी पुष्कळांस असतो. शाळेतील चित्रकलेच्या परीक्षा होतात, दोनचार जलरंगी देखावे चौकटीत बसून भिंतीवर लागतात आणि पुढे नोकरी, विवाह व मुलेबाळे यांच्या रगाड्यात रंगांची पेटी माळ्यावर जाते. मुले हाताशी आली म्हणजे पुन्हा रंगवावयास बसू, असे मनुष्य स्वतःस सांगत राहतो. पण तो दिवस उगवेतो बोटे आखडलेली असतात व मनही कोरडे पडलेले असते. मग सुटलेली कला पुन्हा हाती येण्यासाठी लागणारी प्रेरणा संसारी मनुष्यास कोठून मिळावी? या प्रश्नाचे एक उत्तर नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात सापडते.

फाळके यांस सारा देश भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. ते मुळात रंग व कुंचला यांचे उपासक होते, याचा मात्र अनेकांस विसर पडतो. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी, १८८५ साली, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग यांचा अभ्यास केला आणि छायाचित्रण, ठसे तयार करणे इत्यादि विद्याही हस्तगत केल्या. इतकी तयारी झालेला तरुण मोठा चित्रकार होणार, असे कोणासही वाटले असते.

परंतु पोटाचा प्रश्न आड आला. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, तोच प्लेगच्या साथीने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. बडोद्यास परतून त्यांनी काही काळ नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला व गिरिजा करंदीकर या सरस्वतीबाई फाळके झाल्या. मग पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी, स्वदेशीच्या लाटेत त्या नोकरीचा त्याग, लोणावळ्यास व नंतर दादरास छापखाना, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीचा प्रवास, आणि अखेरीस भागीदारांशी मतभेद होऊन त्या छापखान्यासही रामराम! चाळिशी उलटली होती, घरात लहान मुले होती आणि हातात उद्योग नव्हता. स्वतःच्या कल्पनेतील चित्र उभे करण्याचे तर राहूनच गेले होते.

अशा वेळी प्रेरणा आली ती मुलाचे बोट धरून. १९११ च्या सुमारास, ईस्टरच्या दिवसांत, फाळके थोरला मुलगा भालचंद्र यास घेऊन गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात गेले. पडद्यावर जनावरे चालताना पाहून मुलगा थक्क झाला. घरी येऊन त्याने आईस सारी हकीकत सांगितली. पण ती कोणासच खरी वाटेना! म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब तेथे गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखविले जात होते. ते पाहता पाहता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या ही दृश्ये उभी राहिली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. पंचवीस वर्षे जमविलेल्या विद्या त्या क्षणी एका हेतूभोवती गोळा झाल्या. मुलाच्या डोळ्यांतील नवल व घरच्यांची शंका ही येथे निमित्त झाली. संसारापासून दूर एकांतात बसलेल्या मनुष्यास ही दोन्ही लाभली नसती.

यानंतरचा प्रसंग तर विशेष मननीय आहे. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून फाळके १९१२ च्या प्रारंभी लंडनला गेले, तेथे ही विद्या समजून घेतली, यंत्र विकत घेतले व परत आले. भांडवलवाल्यांस पटवावयाचे कसे? त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा त्यापुढे रोखून ठेविला आणि महिन्याहून अधिक काळ दररोज थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर पाहणारास अंकुर फुटून वेल वर चढताना एकाच बैठकीत दिसे! 'अंकुराची वाढ' या नावाने ते चित्र प्रसिद्ध आहे. ज्यास पुरा दिवस मोकळा मिळत नाही, अशा संसारी मनुष्यास यात मोठा धडा आहे. कलेस रोजचा अल्प वेळ दिला तरी चालतो. मात्र तो रोज दिला पाहिजे.

ते यश पाहून कर्ज मिळाले, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले आणि 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम सुरू झाले. सारे घरच कारखाना बनले. कोरी फिल्म त्या काळी छिद्रांवाचून येत असे. ती काळोख्या खोलीत बसून छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने मिसळणे, प्रकाश परतविण्यासाठी उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि त्यावर साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, असा त्यांचा दिनक्रम होता. तारामतीची भूमिका त्यांनीच करावी, असे पतीने सुचविले तेव्हा हाती एवढी कामे असता हे आणखी कसे जमावे, म्हणून त्यांनी नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

रोहिदासाची भूमिका भालचंद्राकडे होती. चित्रणाच्या वेळी तो खडकावर पडून बेशुद्ध झाला. काम थांबवावे, असे मंडळींनी सुचविले. परंतु त्या दिवशीचा प्रसंग मृत रोहिदासास चितेवर ठेवण्याचा होता. फाळक्यांनी मन घट्ट करून बेशुद्ध मुलासह चित्रण पुरे केले. ही हकीकत अभिमानाने सांगण्याची प्रथा आहे. पण तेथे पिता हरला की कलावंत जिंकला, याचा निवाडा सोपा नाही. ज्या मुलाने बापास त्या तंबूपर्यंत नेले, त्याच मुलाच्या दुखण्यावरून चित्र पुढे गेले, हे विसरता कामा नये.

३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला व त्याच वर्षी फाळक्यांनी आपला व्याप नाशिकास हलविला. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात त्यांनी आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला बालकृष्ण केले. त्या चित्रपटाच्या आरंभी केवळ मंदाकिनीचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. एखाद्या चित्रकाराने आपल्या मुलीस समोर बसवून तिची रेखाटने करीत जावे, तसाच तो प्रकार आहे. तैलरंग मागे पडले होते. चित्रकाराची दृष्टी मात्र कायम होती. त्यानंतर भागीदारांशी पटेना म्हणून ते काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि पुन्हा नाशिकास येऊन कामास लागले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांचे देहावसान झाले.

पुरुषाच्या मागे घर सांभाळणारे कोणी असते, म्हणून हे साधते, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणून बंगालचे एक उदाहरण पाहू. गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या भगिनी सुनयनीदेवी (१८७५–१९६२) यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. भावांचे काम पाहत पाहत, घरसंसार सांभाळून, तिशीच्या सुमारास त्यांनी स्वतः कुंचला हाती घेतला. १९२२ साली कलकत्त्यास जे प्रदर्शन भरले व ज्यात जर्मनीतील बाउहाउस संस्थेची चित्रे आली होती, त्यात सुनयनीदेवींचीही चित्रे होती. घरातल्या पुराणकथा व देवदेवता हेच त्यांचे विषय होते.

या दोन उदाहरणांवरून एवढे म्हणता येते की, प्रेरणा पुष्कळदा घराच्या आतच असते. मुलाच्या प्रश्नात, आजीच्या कथेत, कुंडीतल्या रोपात. ती कामी आणावयाची तर रोज अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास घरातील कोणीतरी आपल्या वाट्यातून दिलेला असतो. फाळक्यांस तो सरस्वतीबाईंनी दिला. ज्या घरी आज आईस किंवा बापास पुन्हा चित्र काढावेसे वाटते, त्या घरी तो अर्धा तास कोण देणार, एवढे प्रथम ठरावे. आणि एकाने तो घेतला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यास परत द्यावा.