घारापुरीचा हत्ती आणि समुद्रातले डॉल्फिन

नवी मुंबईसमोरचे घारापुरी बेट उरण तालुक्यात मोडते. पोर्तुगिजांनी त्याला ‘एलिफंटा’ म्हटले, ते तिथल्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला आणि उचलतानाच तो पडून फुटला. तुकडे सांधून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. एखादी गोष्ट आवडली की ती हस्तगत करावी, या वृत्तीचा तो साक्षीदार होय.

ही वृत्ती पाहण्याच्या हौसेतही असते, असे आम्हांला वाटते. मुंबईलगतच्या उथळ समुद्रात पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन आढळतात. तारकर्ली, हर्णै येथे तर त्यांच्या दर्शनासाठी होड्या निघतात. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून या बंदरपट्ट्यातला जहाजांचा गोंगाट वाढलाच आहे. त्यात पाठलाग करणाऱ्या होडीच्या इंजिनाची भर कशाला? उद्या घारापुरीभोवती अशा सहली निघाल्याच, तर नावाड्याने दूर थांबावे, इंजिन बंद करावे. डॉल्फिन दिसला नाही, तरी प्रवाशांनी पैसे परत मागू नयेत.