बिछायत आणि मांडव (नागपूर)

सुटी करून, गाडीत भरून दुसरीकडे पुन्हा उभी करता येणारी वास्तुरचना. मांडव, कनाती, सतरंज्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाचे गंज (मोठी पातेली) भाड्याने देणारे दुकान विदर्भात ‘बिछायत केंद्र’ म्हणून ओळखले जाते. लग्न, तेरवी, गणपती ही त्याची नेहमीची कामे.

जुन्या पद्धतीच्या मांडवात बल्ल्या जमिनीत रोवून त्यांवर बांबूंची चौकट सुतळीने आवळतात. खिळा ठोकत नाहीत, त्यामुळे बांबू फाटत नाही आणि गाठ सोडली की पुढच्या कामाला मोकळा होतो. आता लोखंडी पाइप रुळले आहेत. मोठ्या सभांसाठी ‘जर्मन हँगर’ येतो. त्याच्या अॅल्युमिनियमच्या कमानींमुळे मधे खांब लागत नाहीत. सिंथेटिक कापड आणि उघडी वायर एकत्र आली की मात्र आगीचा धोका मोठा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो अनुयायी येतात. तेथील स्तूपाचे लोकार्पण २००१ मध्ये झाले. आलेल्यांचा विसावा, भोजनदान आणि पुस्तकांची प्रचंड विक्री मात्र भोवतालच्या मांडवांतच होते. वास्तुकलेच्या इतिहासात स्तूपाशेजारी त्यांनाही जागा मिळायला हवी.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. त्या काळात बंदोबस्तावरच्या पोलिसांचे तंबू पडतात, धरणे-उपोषणांचे मांडव लागतात आणि मोर्चे अडवायला बॅरिकेड येतात. बॅरिकेड हीसुद्धा उचलून नेण्याजोगी रचनाच, आणि ती जीवघेणी ठरू शकते: २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अडवलेल्या मोर्चातील चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ जण मृत्युमुखी पडले. सीताबर्डीतील उड्डाणपुलाला त्या शहिदांचे नाव आहे. बाहेर पडायला वाट कुठे ठेवायची, हा म्हणूनच मांडव आणि बॅरिकेड दोन्हींचा पहिला प्रश्न.

वास्तुकार राहुल मेहरोत्रा आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूने २०१३ च्या अलाहाबाद कुंभमेळ्यातील तात्पुरत्या नगरीचा अभ्यास केला. नागपुरात अशा तात्पुरत्या रचनांची सोय करणे त्याहून सोपे आहे. इथली जागा आणि वेळ दरवर्षी साधारण ठरलेली असते. नळ, वीजजोडणी, मलवाहिनीची तोंडे आणि खांब रोवायच्या खोबणी रस्ता बांधतानाच करून ठेवता येतील.