कारंज्याचा जन्म आणि बीदरचा बादशहा

दत्तजयंतीच्या सप्ताहात नववीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, गुरुचरित्रातला मुसलमान बादशहा खरंच होऊन गेला का?" शेजारच्या घरी पारायण चालू होते, तिथे त्याच्या कानावर गोष्ट आली होती. मी "उद्या सांगतो" म्हणालो. मास्तर लोकांची ही जुनी सवय.

ज्यांचे हे चरित्र, ते नृसिंह सरस्वती आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचे. महाराष्ट्रातला दत्त संप्रदाय त्यांच्यापासून रुजला. ग्रंथ लिहिला सरस्वती गंगाधराने, सोळाव्या शतकात. गुरूंचे शिष्य सायंदेव यांच्यापासून तो पाचव्या पिढीतला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले काही नाही, घरात चालत आलेले ऐकून लिहिले. कारंजा हे नाव ग्रंथात आहे, पण ते हेच लाड कारंजा, हे वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामींमुळे रूढ झाले. मधे साडेचार-पाचशे वर्षे गेली होती! गुरूंच्या जन्माचे १३७८ च्या आसपासचे साल सांगतात, तेही मागाहून मांडलेले. अखेरच्या प्रस्थानासाठी ग्रंथ बहुधान्य संवत्सर सांगतो. संवत्सराचे नाव दर साठ वर्षांनी फिरून येते. अभ्यासक त्यातून १४५८-५९ धरतात.

आता बादशहा. गोष्टीत तो मागच्या जन्मीचा परीट. राजाचा थाट पाहून त्याला मोह झाला, म्हणून तो बीदरला मुसलमान राजा होऊन जन्मला. पुढे अंगावर फोड उठला, गुरूंनी बरा केला, आणि गुरू त्याच्या आग्रहाखातर बीदरलाही गेले. ग्रंथ त्याचे नाव सांगत नाही. साल जुळवून काही जण त्याला बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा मानतात. त्याची कारकीर्द १४३६ ते १४५८. फरिश्ताच्या तवारीखेत हा सुलतान पायाच्या जखमेने मेला असे येते. पण फरिश्ताही दीडशे वर्षांनंतरचा, आणि त्याच्याकडे गुरू नाहीत. पायाचे दुखणे दोन्हीकडे आहे, एवढ्यावर मी मुलाला "हो, हाच तो" म्हणणार नाही. मात्र बीदरच्या दरबाराची आणि गाणगापूरच्या मठाची ओळख असू शकते, हे सोळाव्या शतकातल्या एका ब्राह्मण घराला अशक्य वाटत नव्हते. ही माहिती मला फोडापेक्षा मोलाची वाटते.

इथे आपल्यापैकी काही जण गालात हसतील. त्यांनी जरा थांबावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची वफात ६३२ ची. त्यांचे सविस्तर चरित्र लिहिणारे इब्न इसहाक वारले ७६७ च्या सुमारास, आणि त्यांचा ग्रंथ आपल्याकडे आला तो मुख्यतः इब्न हिशाम यांनी काटछाट करून. इमाम बुखारी तर ८७० मध्ये वारले. जन्माचे साल कोणी ५७० सांगते, कोणी ५७१. रबीउल अव्वलच्या तारखेवरही आठ, नऊ, बारा असे मतभेद आहेत. जन्मलेले मूल पुढे कोण होणार, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असते? मुहद्दिसांनी हे अंतर लपवले नाही. कोणी कोणाकडून ऐकले ती सनद मांडली, कच्च्या रिवायतीला जईफ म्हटले. आपल्याच विदर्भात तेराव्या शतकात म्हाइंभटांनीही चक्रधरांच्या आठवणी पाहणाऱ्यांकडे जाऊन, विचारून गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी दोन रकाने आखले, ग्रंथ काय सांगतो आणि सांगणारा किती लांबचा. पोरगा म्हणाला, "मग सर, शेजारच्या काकूंना काय सांगू?" म्हटलं, "काकूंना काही सांगू नकोस. प्रसाद घे आणि गोष्ट पुरती ऐकून ये, मला शेवट नीट आठवत नाही."